वाचले ते आठवत का नाही?

प्रश्न : माझी मुलगी विद्यापीठात विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आहे. ती तासन्‌तास टिपणे वाचते, तरी भौतिकशास्त्राच्या चाचणीत तिला गुण मिळत नाहीत. शाळेत ती हुशार होती. आम्ही काय करावे?

उत्तर : तिचे कष्ट कमी पडत नसून पद्धत चुकते आहे, असे मला वाटते. टिपणे पुन्हापुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि ती ओळख म्हणजेच आकलन, असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये केलेल्या प्रयोगांत, पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते; मात्र आठवड्यानंतर, वाचलेले न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना अधिक लक्षात राहिले होते. म्हणून तिने वही मिटून सूत्राची सिद्धता कोऱ्या कागदावर मांडावी, अडेल तिथेच वही उघडावी आणि तेच उदाहरण दोन-तीन दिवसांनी पुन्हा सोडवावे. सुरुवातीला हे वाचनापेक्षा कठीण वाटेल. अडलेले उदाहरण घेऊन तिने प्राध्यापकांना भेटावे; ‘काहीच कळत नाही’ यापेक्षा ‘या पायरीपुढे जमत नाही’ या प्रश्नाला उत्तर देणे त्यांनाही सोपे जाते. आपण मात्र रोज गुण विचारू नयेत. आज काय अडले, एवढेच विचारावे.