शाहीर अमर शेख यांची कारकीर्द

अनेक कलाप्रकारांतून स्वतःची ओळख आणि चळवळ एकत्र मांडणारा सोलापूर जिल्ह्यातील कलावंत कोण, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्याचे उत्तर बार्शीत १९१६ साली जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख, हेच आहे.

बार्शीच्या गिरणीत कामगार म्हणून राबताना ते कामगार चळवळीत ओढले गेले, आणि पुढे अण्णा भाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने आणि डफाच्या थापेने सभांची मैदाने भारली गेली. वक्ते बोलण्यापूर्वी शाहिरांनी गायचे आणि लोकांनी हलू नये, असा तो काळ होता. मुस्लिम घरात जन्मलेला हा माणूस मराठी भाषिक राज्यासाठी पोवाडे गात होता, याचे त्या काळी कोणाला नवल वाटले नाही, ही गोष्ट मला आज फार मोलाची वाटते.

मात्र त्यांना केवळ शाहीर म्हणणे अपुरे आहे, असे मी आग्रहाने सांगेन. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह आहेत, त्यांनी नाटक लिहिले आणि चित्रपटांत भूमिकाही केल्या. १९६९ साली अपघातात त्यांचे निधन झाले. कवयित्री मल्लिका अमर शेख या त्यांच्या कन्या होत. सोलापुरातील वाचकांनी आरंभ ‘कलश’पासून करावा.