मुलीला कॉम्प्युटर हुकलं, पुण्यात इलेक्ट्रिकल मिळतंय. घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की वीजनिर्मिती आणि वितरण शिकून चार वर्षांनी हातात काही पडतं का. आणि शेवटी हळूच एक ओळ जोडली आहे: "मुलीला झेपेल का? नातेवाईक नको म्हणतात." या ओळीनेच माझं डोकं फिरलं, म्हणून आधी तिच्याकडे वळते.

मी 2012 ला पुण्यातून इलेक्ट्रिकल करून बाहेर पडले. आता रिले टेस्टिंग करते (रिले म्हणजे बिघाड दिसला की लाइन बंद पाडणारं उपकरण), म्हणजे 220 आणि 400 केव्हीच्या, लाखो व्होल्टच्या सबस्टेशन यार्डांत हेल्मेट घालून फिरते. कॅम्पसला आलेल्या एका कंपनीच्या माणसाने आम्हा मुलींना तोंडावर सांगितलं होतं, "साइटवर मुलींची सोय नसते, तुम्ही डिझाइनला अर्ज करा." सोय म्हणजे टॉयलेट. टॉयलेट बांधण्यापेक्षा मुली न घेणं त्यांना स्वस्त पडत होतं, बाकी काही नाही. टेस्टिंग किट जड असतं हे खरं, पण ते पुरुषही एकटे उचलत नाहीत. गाडीतून उतरवायला दोघं लागतातच.

आता नातेवाईक. आमच्याकडचा नातेवाईक म्हणजे माझा मावसभाऊ. दादा हिंजवडीत आहे, पगार उत्तम, माणूसही चांगला. पण मी प्रवेश घेतल्यापासून त्याचं एक वाक्य ठरलेलं: "अगं, वीज म्हणजे सुटलेलं गणित. शंभर वर्षांपूर्वी सगळं शोधून झालंय. आता फक्त खांबावर चढायचं उरलंय." गणपतीत हेच, लग्नात हेच, कुणाच्या बारशालाही हेच.

मी पास झाले त्याच वर्षी, 30 आणि 31 जुलैला, लागोपाठ दोन दिवस ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या लाइनींचं जाळं, कोसळला. दुसऱ्या दिवशी साठ कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली. पुण्यात दिवे चालू होते, त्यामुळे दादाच्या लेखी ती पेपरातली एक बातमी. झालं काय होतं? बिना-ग्वाल्हेर 400 केव्ही लाइनवर लोड इतका चढला की तिच्यावर नजर ठेवणाऱ्या डिस्टन्स रिलेला तो फॉल्टच (शॉर्टसर्किटसारखा बिघाड) वाटला आणि त्याने लाइन उडवली. फॉल्ट नव्हताच. सुटलेलं गणित म्हणे! दक्षिणेचा ग्रिड तेव्हा वेगळा होता म्हणून तो वाचला. पुढे 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर 765 केव्ही लाइन चालू झाली आणि अख्खा देश एकाच ग्रिडमध्ये, एका फ्रिक्वेन्सीवर आला. सोलापूरची चादर सगळ्यांना माहीत असते, ही लाइन कुणालाच नाही.

पण हे दादाला सांगून उपयोग नव्हता. त्याला पटलं ते त्याच्या स्वतःच्या सोसायटीत.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, कोथरूडला मावशीकडे आम्ही सगळे जमलेलो. पूजा मांडून झाली होती. एकदम बैठकीतले दिवे पांढरेफटक झाले, सेटटॉप बॉक्सच्या अ‍ॅडॉप्टरमधून फट्कन आवाज आला आणि जळका वास सुटला. मी पहिल्यांदा धावत जाऊन घराचा मेन पाडला. मावशी ओरडली, "अगं, आजच्या दिवशी अंधार?" जिन्यात आले तर समोरच्या फ्लॅटमध्ये उलटाच प्रकार. पंखा मरगळलेला, फ्रिज नुसता घुमतोय, सुरू होत नाही. एका मजल्यावर दोन घरं, एकाकडे जास्त, एकाकडे कमी. दादा तोवर मोबाइल घेऊन सुरू झालेला: "एमएसईबीने हाय व्होल्टेज सोडलंय, तक्रार टाकतो." मंडळाचे तुकडे 2005 ला झाले, पण पुणेकरासाठी अजून एमएसईबीच.

एकाकडे जास्त आणि एकाकडे कमी म्हटल्यावर हाय व्होल्टेज नव्हे, न्यूट्रल. इमारतीत वीज तीन फेजांच्या तारांतून येते आणि न्यूट्रल ही त्या तिघांची परतीची सामाईक तार. हा सेकंड इयरचा हमखास येणारा प्रश्न आहे: अनबॅलन्स्ड स्टार लोड, न्यूट्रल तुटलेला, प्रत्येक फेजचं व्होल्टेज काढा. न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर लोड जास्त तिथलं व्होल्टेज पडतं आणि ज्या फेजवर लोड कमी तिथलं चढतं. मावशीकडे फक्त दिवे आणि माळा. समोर गीझर चालू होता.

माझ्या गाडीत मीटर असतोच. खाली मीटर रूममध्ये गेले. वॉचमन, चेअरमन काका आणि दादा मागोमाग. फेज-टू-फेज मोजलं, तिन्हीकडे 415 च्या आसपास. म्हणजे वरून येणारा सप्लाय ठणठणीत. मग सोसायटीच्या पॅनलमधल्या न्यूट्रलच्या पट्टीला एक प्रोब धरून एकेक फेज मोजला: 306, 246, 184. तोच प्रोब पट्टीवरून काढून महावितरणच्या केबलच्या न्यूट्रलला लावला, तर तिन्ही 240. मधे अंतर किती? एका लगचं, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या टोपीचं. अ‍ॅल्युमिनियमचा लग तांब्याच्या पट्टीवर नुसता बोल्टने आवळलेला, आणि आता तो कोळशासारखा काळा. हात न लावता वास येत होता.

मी चेअरमन काकांना म्हटलं, "सोसायटीचा मेन बंद करा, आत्ता." ते म्हणाले, "लक्ष्मीपूजनाला?" म्हटलं, "नाहीतर टीव्ही, फ्रिज एकेक करून जातील, मग त्यांचीही पूजा घाला." दादा पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलला आणि मेन पडला.

सोसायटीच्या नेहमीच्या वायरमनला बोलावलं. तो येईपर्यंत काकांनी एक ज्ञान दिलं: "न्यूट्रलला करंट नसतो, म्हणून तिथे बारीकच कोअर टाकतात." हेच दादाने पुढे करून मला म्हटलं, "बघ, शंभर वर्षांपूर्वीचं तंत्रज्ञान, तेही धड नाही." बरोबर, साडेतीन कोअरच्या केबलमध्ये (तीन जाड तारा आणि एक अर्ध्या जाडीची) न्यूट्रल अर्धाच असतो. लोड बॅलन्स्ड असेल आणि तो गीझर, बल्ब असा साधा असेल तर चालून जातं. पण आता घराघरात एलईडी, अ‍ॅडॉप्टर, लॅपटॉप, इन्व्हर्टर. ही मंडळी करंट सलग लाटेसारखा (साइन) न घेता तुकड्या-तुकड्याने ओढतात, त्यातून तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट वेगाने हलणारा करंट, निघतो. तो तिन्ही फेजांत एकाच वेळी वर-खाली होतो, म्हणून न्यूट्रलमध्ये एकमेकांना मारत नाही, त्याची बेरीज होते. फेज बॅलन्स्ड असले तरी न्यूट्रल तापतो. वर दिवाळीच्या माळा. अर्धा कोअर, दोन धातूंचा जोड, त्यात गंज, आणि वर्षानुवर्षं कुणी बोल्ट आवळलेला नाही.

म्हणजे सुटलेलं गणित दादाच्याच लॅपटॉपने परत बिघडवलं होतं. हे मी त्याला मीटर रूममध्येच सांगितलं आणि नंतर जेवताना सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. मला त्यात अजिबात संकोच वाटला नाही. बायमेटॅलिक (दोन्ही धातूंच्या जोडाला चालणारा) लग बसला, मेन चढला, साडेनऊला फराळ. तेव्हापासून दादा खांबाचं नाव काढत नाही. मावशी मात्र अजून सांगते की त्या वर्षी लक्ष्मी अंधारात आली.

हां, तुमचा प्रश्न. माझं मत विचाराल तर डोळे झाकून घ्या. ज्यांना कॉम्प्युटर हुकलं म्हणून रडत इलेक्ट्रिकल करायचंय त्यांनी करू नये, पण मुलीला मशीन्स आणि नेटवर्क आवडत असेल तर आत्तासारखा काळ नाही. सोलर आणि वाऱ्याची वीज ग्रिडमध्ये इतकी येतेय की फ्रिक्वेन्सी सांभाळणं, प्रोटेक्शनचं सेटिंग, साठवण हे सगळं नव्याने शिकावं लागतंय. मुळशीचंच बघा. ताम्हिणीत आपण कणीस खायला जातो, तिथलं पाणी बोगद्यातून घाट उतरून भिऱ्याला वीज करतं, 1927 पासून. पुढे तिथेच 150 मेगावॉटचा असा संच बसला की जो स्वस्त विजेच्या वेळी पाणी परत वर चढवतो. आता सह्याद्रीत अशा पंप्ड स्टोरेजची रांग लागली आहे. एकट्या टाटा पॉवरने शिरवटा आणि भिवपुरी मिळून 2800 मेगावॉटसाठी 2023 मध्ये राज्य सरकारशी करार केला. ही कामं कोण करणार, हिंजवडी?

विषयांत पॉवर सिस्टिम अ‍ॅनालिसिस आणि स्विचगिअर-प्रोटेक्शन या दोन पेपरांना पास होण्यापुरतं वाचू नको म्हणावं. फोर्टेस्क्यूने 1918 साली मांडलेले सिमेट्रिकल कॉम्पोनंट्स (असमतोल तीन फेजांचं गणित सोपं करायची पद्धत) मी आजही कामावर रोज वापरते. आणि सोबत पायथन शिकू दे. दादाचं तेवढं खरं आहे.

आता थोडं पाणी घालते, नाहीतर म्हणाल बाईने फसवलं. सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी असतो आणि ते पहिली काही वर्षं टोचतं, विशेषतः वर्गमैत्रिणी गाड्या घेतात तेव्हा. महापारेषण, महानिर्मिती, महावितरणच्या भरतीची जाहिरात निघेल तेव्हा निघते, तिच्या भरवशावर बसू नये. गेट ही इंजिनिअरिंगची परीक्षा द्यायला लावा, पॉवरग्रिडसारख्या कंपन्यांनी त्या गुणांवर माणसं घेतली आहेत. साइटवरच्या टॉयलेटची गोष्ट सुधारली आहे, सगळीकडे नाही. आणि न्यूट्रलचा दोष प्रत्येक वेळी सोसायटीचाच असतो असंही नाही, डीपीवरही न्यूट्रल सुटतो. पण हे वाचून कुणी पॅनल उघडायला जाऊ नका. घरचा मेन पाडा आणि लायसन्सवाला माणूस बोलवा.

कॉलेज कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. ऑप्शन फॉर्म भरण्याआधी मुलीला घेऊन मशीन्स लॅब बघून या. तिथल्या लॅब असिस्टंटला अल्टरनेटर (वीज तयार करणारं मशीन) चालू बसबारला सिंक्रोनाइझ करून, म्हणजे ताल जुळवून जोडून, दाखवायला सांगा. तीन दिवे एकदम विझतात तेव्हा स्विच मारायचा असतो, पाच मिनिटांचं काम आहे. "सेट सध्या बंद आहे" असं उत्तर आलं तर त्या कॉलेजचा नंबर यादीत खाली टाका.