वाचकांचे प्रश्न : निकल माइन्सची माफी

गेल्या अंकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या निकल माइन्सबद्दल लिहिलं होतं. २ ऑक्टोबर २००६ ला तिथल्या अमिश लोकांच्या (घोडागाड्या वापरणारा, साधेपणानं राहणारा ख्रिस्ती पंथ) एकखोली शाळेत दुधाचा टँकर चालवणाऱ्या एका शेजाऱ्यानं १० मुलींवर गोळ्या झाडल्या आणि स्वतःलाही संपवलं. पाच मुली गेल्या. त्याच संध्याकाळी काही अमिश त्याच्या बायकोला भेटून ‘तुमच्यावर राग नाही’ असं सांगून आले. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही :

पोटची पोर गेली त्याच दिवशी माफी? पटत नाही. (नाशिक)

त्या संध्याकाळी गेले ते शेजारीपाजारी आणि मंडळीतली (म्हणजे त्यांच्या चर्चच्या गटातली) माणसं. आईबाप हॉस्पिटलांत होते. शिवाय माफीचा निर्णय त्या दिवशी नव्यानं घ्यायचा नव्हता, तो आधीच झालेला होता. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातली प्रभूची प्रार्थना अमिश मुलांना लहानपणीच पाठ असते, आणि तिच्या लगेच पुढे बजावलेलं आहे की तुम्ही माफ केलं नाही तर तुम्हालाही माफी नाही. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा विधी) असतं. त्याआधीच्या सभेत आपसातली भांडणं मिटवावी लागतात. मंडळीत एकमत नसेल तर प्रभुभोजनच पुढे ढकलतात. गोळीबार नेमका या हंगामात झाला.

यातली माफी म्हणजे सूड न घेण्याचा शब्द. संताप, रात्रीचं दचकणं, भूक मरणं यातलं काही त्यानं थांबत नाही. काही घरांनी समुपदेशकांची मदत घेतली, आणि राग उसळला की तोच शब्द पुन्हा स्वतःला द्यायचा असतो. ‘त्यांना दुःख झालंच नाही’ असं तेव्हा काहींनी लिहिलं, ते चूक होतं.

अमिशांचं मर्तिक कसं असतं? एवढी गर्दी सांभाळली कशी? (रत्नागिरी)

मृत्यूची बातमी आली की घरच्यांच्या हातातली कामं शेजारी काढून घेतात : दूध काढणं, जनावरांना चारा, स्वयंपाक. आपल्याकडे सुतकातल्या घरी शेजारून डबे येतात, तसंच. फक्त इथे गोठाही शेजाऱ्यांकडे जातो. शव टिकवण्याची प्रक्रिया अंत्यविधीवाला करून देतो. घरची माणसं मृताला पांढरे कपडे घालतात. शवपेटी साधी, लाकडी. खड्डा हातानं खणतात. प्रार्थना घरीच किंवा खळ्यावरच्या कोठारात, जर्मनमध्ये. फुलं नाहीत, मृताचे गोडवे गाणारी भाषणं नाहीत. प्रवचन देवाबद्दल असतं, गेलेल्या माणसाबद्दल नाही. बाहेरच्याला हे कोरडं वाटतं.

घोडागाड्यांवर खडूनं आकडे घातलेले असतात, म्हणजे कोण कुणामागे यावरून घोळ होत नाही. कबरीत माती लोटली जात असताना एक जण स्तोत्र वाचतो, गात नाहीत. मग सगळ्यांचं जेवण. पुढे जवळच्या नात्यातल्या बायका वर्षभर काळे कपडे घालतात, आणि लोक भेटायला येत राहतात.

चौघींचे विधी गुरुवारी ५ ऑक्टोबरला झाले, पाचवीचा शुक्रवारी. पोलिसांनी रस्ते अडवले आणि वरून विमानं उडायला बंदी होती. अमिश फोटोला तोंड देत नाहीत आणि बाहेर कॅमेऱ्यांचा गराडा पडला होता, तेव्हा याची गरजच होती. शनिवारी मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या दफनभूमीत हल्लेखोराला पुरलं, तेव्हा जमलेल्यांत जवळपास निम्मे अमिश होते.

शाळा का पाडली? (सांगली)

तिथे मुलांना परत बसवणार कोण? १२ ऑक्टोबरला पहाटे अंधारातच यंत्रांनी पाडली आणि जागेचं कुरण केलं. नवी शाळा जवळच, पण वेगळ्या जागी बांधली; २ एप्रिल २००७ ला सुरू झाली.

खुन्याला माफ करणारे हे लोक आपल्याच माणसाला वाळीत टाकतात, त्याचं काय? (पुणे)

टाकतात. बाप्तिस्मा (मंडळीत येण्याचा विधी) घेताना मंडळीचे नियम पाळण्याचा शब्द दिलेला असतो. तो मोडला आणि कबुली दिली नाही तर बहिष्कार, कबुली दिली की परत प्रवेश. हल्लेखोर मंडळीबाहेरचा, त्याला ही शिस्त लागूच नव्हती. त्यांच्या हिशेबात हे बसतं. ज्यांनी बहिष्कार भोगला त्यांना मात्र ते पटेलच असं नाही.

आमच्या भागात असं काही घडलं तर काय पाठवावं? (न्यू जर्सी)

खेळणी नकोत. २०१२ मध्ये न्यूटाउनच्या सँडी हुक शाळेत २० मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. सुमारे २७ हजार वस्तीच्या त्या गावात ६० हजारांहून जास्त टेडी बेअर येऊन पडले. ते ठेवायला गोदाम आणि निवडायला माणसं शोधण्यातच गावाची शक्ती गेली. पैशांच्या वाटपावरूनही तिथे वाद झाले, कारण निधी गोळा करताना तो नेमका कुणासाठी हे स्पष्ट नव्हतं.

निकल माइन्समध्ये काही दिवसांतच समिती नेमली गेली, तिच्यात अमिश आणि बाहेरचेही होते. ४० लाख डॉलरच्या वर आलेला पैसा तिच्याच हातून गेला. अमिश सहसा आरोग्यविमा घेत नाहीत, त्यामुळे जखमी मुलींची बिलं हा मोठा खर्च होता. हल्लेखोराच्या बायको-मुलांनाही मदत मिळाली.

म्हणून आधी अशी समिती आहे का ते पाहा. चेकसोबत ‘कुटुंबांसाठी’ की ‘शाळेसाठी’ ते लिहा. जेवण द्यायचं तर ओळखीच्या घरीच, आणि कोण कुठल्या दिवशी देणार याची यादी ठेवणाऱ्याला विचारून, नाहीतर पहिल्या आठवड्यात दहा डबे येतात आणि तिसऱ्यात एकही नाही. परत द्यावी लागणार नाहीत अशी भांडी वापरा. मुलांना ‘तू काय पाहिलंस?’ हे विचारू नका. चौथ्या-पाचव्या महिन्यात एक फोन करा. तोवर बाकीच्यांचे थांबलेले असतात.