टोरांटोत नवीन आलास ना?

घरमालक सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागतोय म्हणतोस? देऊ नकोस. इथे ऑन्टारिओ प्रांतात भाड्याचं डिपॉझिट म्हणून फक्त शेवटच्या महिन्याचं भाडं मागता येतं. क्रेडिट हिस्ट्री, म्हणजे कर्ज-बिलं वेळेवर फेडल्याची इथली नोंद, नव्हती म्हणून आम्ही गुपचूप तीन महिन्यांचं भरलं होतं, अजून चुटपुट लागते. सिन नंबर, म्हणजे नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक, फुकट मिळतो, त्यासाठी एजंट नको. मग पब्लिक लायब्ररीचं कार्ड काढ. काही शाखांत नवागतांना मदत करणारी माणसं बसतात. मंडळाच्या गणपतीला ये जरूर, पण आपल्यातच घुटमळू नकोस. माझ्या पहिल्या नोकरीची खबर शेजारच्या तमिळ काकूंनी दिली, लॉन्ड्री रूममध्ये ड्रायर थांबायची वाट बघताना! आणि हो, बूट इथेच घे. पुण्याहून आणलेले माझे पहिल्याच जानेवारीत फाटले.