बिनतारी बटण आणि न्यूट्रलचा घोळ

भिंत न फोडता लावायच्या बिनतारी बटणाबद्दल इतकी पत्रं साठली आहेत की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देतो. विकणारा म्हणतो "वायरिंग लागत नाही" आणि ऐकणाऱ्याला वाटतं वीज हवेतून येणार. वाचते ती फक्त बटणापासून दिव्यापर्यंतची वायर. दिव्यापाशी किंवा बोर्डात बटणाचा संदेश घेऊन दिवा लावणारा-बंद करणारा एक रिसीव्हर बसतो, तो तुमच्या २३० व्होल्टच्या लाइनवरच असतो आणि त्याला फेज (वीज आणणारी वायर) लागते आणि बहुधा न्यूट्रलही (ती परत नेणारी). हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

भाड्याच्या घरात राहतो. आईला रात्री उठल्यावर अंधारात दाराजवळच्या बोर्डापर्यंत जावं लागतं. पलंगाशेजारी बटण हवंय, पण घरमालक भिंतीला हात लावू देत नाहीत. — डोंबिवली

तुमच्यासारख्यांसाठीच ही वस्तू आहे. दिवा साध्या, बल्ब फिरवून अडकवायच्या होल्डरमध्ये असेल तर त्याच होल्डरमध्ये बसणारा रिसीव्हर मिळतो. तो आधी लावायचा, त्यात बल्ब लावायचा, बटण पलंगाच्या फळीला दुहेरी चिकटपट्टीनं चिकटवायचं. घर सोडताना सगळं काढून न्या, मालकांना कळणारही नाही. ट्यूब किंवा पीओपीतला पॅनल असेल तर काड्यापेटीएवढा रिसीव्हर वायरींच्या मध्ये जोडावा लागतो. ते काम वायरमनचं, तुमचं नाही.

दोन गोष्टी दुकानदार सांगत नाही. भिंतीवरचं जुनं बटण कायम चालू राहिलं पाहिजे. पाहुण्यानं सवयीनं ते बंद केलं की आई रात्री पलंगाजवळचं बटण दाबत बसेल. त्यावर चिठ्ठी चिकटवा. दुसरं, बिनतारी बटणानं दिवा बंद केला म्हणजे होल्डरमधली वीज गेली असं समजू नका. बल्ब बदलताना एमसीबी (मेन बोर्डातला त्या लाइनचा खटका) खाली करायची म्हणजे करायची. आणि आईच्या वाटेवर एक झिरोचा दिवा रात्रभर असू द्या, बटण कितीही चांगलं असलं तरी.

या बटणाला सेल लागतात का? — कोल्हापूर

काहींना लागतात. बिनसेलची असतात त्यांत दाबल्यावर चुंबक वेटोळ्याजवळून सरकतो आणि तेवढ्या विजेवर एक संदेश जातो. फॅरेडेनं १८३१ साली दाखवलेली युक्ती आहे, नवीन काही नाही.

नेट गेलं की घरात अंधार होतो असं शेजारी सांगतात. — नाशिक

शेजाऱ्यांकडे बहुधा मोबाइलवरून चालणारं वायफाय मॉड्यूल आहे. बटण थेट रिसीव्हरशी बोलत असेल तर नेटचा काही संबंध नाही. वायफायचं मॉड्यूल घेतलंत तरी मूळ बटण चालू ठेवणारंच घ्या. नेट गेलं तर हातानं लावता येईल. खरेदीआधी खोक्यावरचं वाचा, शेजाऱ्यांना नंतर विचारा.

बोर्डात न्यूट्रल नव्हती म्हणून वायरमननं हिरवी अर्थिंगची वायर रिसीव्हरला न्यूट्रल म्हणून जोडली. चार महिने व्यवस्थित चालतंय. मेहुणा म्हणतो हे चूक आहे. कोणाचं खरं? — पुणे

मेहुण्याचं. आत्ता त्या लाइनची एमसीबी खाली करा आणि तो रिसीव्हर काढला जाईपर्यंत वर करू नका. मग पुढचं वाचा.

न्यूट्रल आणि अर्थिंग शेवटी जमिनीलाच जाऊन मिळतात हे खरं. टेस्टर दोन्हींवर पेटत नाही. फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प धरला तर तो झकास लागतो. एवढ्यावर आपले वायरमन ठरवून टाकतात की दोन्ही एकच. एक नाहीत. न्यूट्रलचं काम रोज करंट परत नेण्याचं. अर्थिंगमधून एरवी काही वाहायलाच नको. ती तुमच्या फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या, गिझरच्या पत्र्याला जोडलेली असते. आत कुठे फेज पत्र्याला लागली तर करंट तिच्यातून निघून जावा आणि एमसीबी किंवा आरसीसीबी (करंट भलत्या वाटेनं गळू लागला की लाइन तोडणारा खटका) पडावी, म्हणून ती घरभर फिरवलेली आहे.

तुमच्याकडे ती वाट रिसीव्हर रोज वापरतोय. तो स्वतः जेमतेम काही मिलिअँपिअर खातो, त्यामुळे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पडत नाही आणि तुम्ही लिहिता "व्यवस्थित चालतंय". आता समजा मीटर रूमकडे गेलेली अर्थिंगची वायर गंजून सुटली. ती सुटल्याचं वर्षानुवर्षं कोणाला कळत नाही, कारण अर्थिंग तुटल्यानं घरातला एकही दिवा बंद पडत नाही. अशा घरात रिसीव्हरमधून आलेल्या विजेला परतीचा रस्ता राहत नाही. ती अर्थिंगच्या वायरीवर, म्हणजे फ्रिजच्या दारावर येऊन थांबते. ओट्यापाशी अनवाणी उभं राहून ओल्या हातानं जो फ्रिज उघडेल, तो तिचा रस्ता.

ठाण्यात एका घरी यापुढचा प्रकार पाहिला. तिथे रिसीव्हर वर दिव्यापाशी होता आणि दिव्याचा परतीचा करंटही अर्थिंगमधूनच चालला होता. ९ वॉटचा एलईडी म्हणजे साधारण ४० मिलिअँपिअर. आरसीसीबी दिवा लावला की पडायची, आणि पडत होती ते बरोबरच होतं. "सारखी पडते, खराब माल आहे" म्हणत कोणीतरी ती काढून वायरी थेट जोडून टाकल्या होत्या. कुत्रा भुंकतो म्हणून कुत्रा हाकलला, चोर घरात तसाच. घरात दोन लहान मुलं होती. मी त्या दिवशी ज्या भाषेत बोललो ती इथे छापता येणार नाही.

मग न्यूट्रल आणायची कुठून? त्याच बोर्डावर प्लग पॉइंट असेल तर न्यूट्रल तिथे असतेच, नाहीतर प्लग चालला नसता. मात्र ती त्याच सर्किटची हवी. घरात इन्व्हर्टरची वेगळी लाइन असेल किंवा दोन आरसीसीबी असतील, तर एकीची फेज आणि दुसरीची न्यूट्रल घेऊन चालत नाही. आरसीसीबी पडत राहील आणि तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल. बोर्डावर नुसती बटणंच असतील तर खाली न्यूट्रल शोधण्यात वेळ घालवू नका. ती वर दिव्यापाशी आहे. रिसीव्हर तिथेच बसवा आणि खालचं बटण चालू ठेवा. चार महिन्यांपूर्वी हे करायला अर्धा तास जास्त लागला असता, इतकंच.

लाल, काळा, हिरवा या रंगांवरही विसंबू नका. जुन्या इमारतींत वायरीचं जे वेटोळं हाताशी होतं ते ओढलेलं असतं. न्यूट्रल कुठली आणि अर्थिंग कुठली, हे मोजून आणि वायरीचा माग काढून ठरवतात. वायरमनला परवाना दाखवायला सांगा. खरा वायरमन रागावत नाही. आणि त्याच फेरीत मेन बोर्डापासून अर्थिंग शाबूत आहे का तेही तपासून घ्या.

"न्यूट्रल लागत नाही" असं लिहिलेलं मॉड्यूल घेतलं. आता बंद केल्यावरही एलईडी मंद मिणमिणतो. मॉड्यूल खराब आहे का? — रत्नागिरी

खराब नसावं. असं मॉड्यूल आपल्यापुरती वीज दिव्यामधूनच ओढून घेतं. जुन्या ६० वॉटच्या बल्बला त्याचा पत्ताही लागत नव्हता. एलईडीला तेवढी थेंबभर वीजही पुरते, म्हणून तो मिणमिणतो किंवा थांबून थांबून लुकलुकतो. खोक्यात एक छोटा कपॅसिटर आला असेल. तो दिव्याच्या दोन टोकांना, दिव्यापाशीच जोडायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो खोक्याबरोबर कचऱ्यात जातो. मिळाला नाही तर त्याच कंपनीचा मागवा. पंख्याचा कपॅसिटर लावून बघण्याचा सल्ला कोणी दिला तर हात जोडून नमस्कार करा आणि दुसरा माणूस बोलवा. बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर, हेही पाहून घ्या. आणि तुमच्या भागात पावसाळ्यात भिंत ओली असते. साधं बटण लावूनही मिणमिणणं राहिलं तर दोष मॉड्यूलचा नाही, वायरिंग मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं) तपासायला हवं.

गिझरला हेच बटण चालेल का? — सोलापूर

नाही.

मोटरपंपालाही नाही. एवढ्या लहान रिसीव्हरमधला रिले, म्हणजे आतला विजेवर चालणारा स्विच, दिव्यांसाठी असतो. २ किलोवॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअर घेतो, ३ किलोवॉटचा तेरा. रिलेचे संपर्क चिकटले की तुम्ही बंद करूनही गिझर चालूच राहील. पंख्यासाठी पंख्याचंच मॉड्यूल घ्या.

जाहिरातीत लिहिलंय, वीजबिल निम्मं होईल आणि रेंज १०० मीटर. खरं का? — छत्रपती संभाजीनगर

बटण विजेचं बिल कमी करत नाही, दिवा बंद ठेवल्यानं बिल कमी होतं. उलट रिसीव्हर चोवीस तास जागा असतो. तो अर्धा वॉट घेत असेल तर वर्षाला साडेचार युनिटच्या आत-बाहेर. तुमचा ९ वॉटचा दिवा रोज पाच तास लागला तर वर्षाचे सोळा-सतरा युनिट होतात. निम्मं कशाचं करणार?

शंभर मीटर म्हणजे मोकळ्या माळावर. घरात स्लॅबमधली सळई आहे, कपाटाचा आरसा आहे, आणि रिसीव्हर लोखंडी डब्याच्या बोर्डात कोंबला तर शेजारच्या खोलीतूनही संदेश पोचेलच असं नाही. चिकटवण्याआधी बटण हातात घेऊन घरभर फिरा, दारं लावून दाबून बघा. चालत नसेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करा. महिन्यानं मला विचारून उपयोग नाही.

मुलानं अमेरिकेहून असं किट आणलंय. लावू का? — सातारा

खोक्यावर नुसतं १२० व्होल्ट असेल तर लावू नका, जळेल. १०० ते २४० लिहिलं असेल तरी थांबा. तिकडची बरीच बटणं ९०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात बोलतात, आपल्याकडे तिथे मोबाइलची सेवा आहे. इथे बिनतारी उपकरणाला दूरसंचार विभागाची मान्यता लागते. मुलाला सांगा, पुढच्या वेळी चॉकलेटं आण.

लाईट जाऊन पहाटे आली की घरातले सगळे दिवे आपोआप लागतात. — लातूर

रिसीव्हरमध्ये "वीज आल्यावर काय करायचं" याची सेटिंग असते, ती "बंद" वर ठेवा. माहितीपत्रक फेकलं असेल तर विक्रेत्याला विचारा.

वाईला आमचा जुना वाडा आहे, लाकडी केसिंगपट्टीतलं वायरिंग. एका बोर्डातून दुपारी जळकट वास येतो, बटण गरम लागतं. तिथे बिनतारी बटण लावलं तर प्रश्न सुटेल का? दिवाळीत सगळे जमणार आहोत, तेव्हा करून घेऊ म्हणतो. — वाई

दिवाळीत नाही. आज.

वास येतोय म्हणजे कुठेतरी जोड सैल होऊन तापतोय, आणि तो जोड वाळक्या लाकडावर आहे. बिनतारी बटण लावलंत तर गरम होणारं बटण तुमच्या हाताला लागायचं थांबेल, आतला जोड तापतच राहील. आता तुम्हाला कळतंय तेवढंही कळणार नाही. त्या भागाची एमसीबी खाली करा. अजून जुने फ्यूज असतील तर मेन स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवा आणि जाड तार घालून काम भागवू नका. मग परवानाधारक ठेकेदार बोलवून सगळ्या वायरिंगचं इन्सुलेशन मेगरनं मोजून घ्या. १ मेगओहमच्या खाली आलं तर वायरिंग बदलायचं, मग बटणाचा विचार. तोवर त्या खोलीत बॅटरीचा कंदील वापरा, आणि वाड्यात रात्री कोणी झोपत असेल तर त्यांना त्या बोर्डाबद्दल आजच फोन करून सांगा.