मराठी माध्यमातून आलेल्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना प्रबंधाचं इंग्रजी कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की नांदेडजवळच्या एका कॉलेजात नुकतेच रुजू झालात, एम.ए.च्या आणि पीएचडी कोर्सवर्कच्या मुलांना इंग्रजीतून शोधनिबंध लिहायला शिकवायचंय, बहुतेक जण मराठी माध्यमाचे आहेत, तर सुरुवात टेन्सेसपासून करावी का? मी याच भागात बरीच वर्षं हे काम करतोय. टेन्सेसपासून करू नका.

राज्यात 2000 पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज एम.ए.ला बसलेल्या पोरानं टेन्सेस, व्हॉइस, डायरेक्ट-इनडायरेक्ट हे दरवर्षी नव्यानं गिरवलेलं असतं. अजून एकदा घ्याल तर जांभया वाढतील, दुसरं काही नाही. त्याला जे मिळालं नाही ते वेगळंच आहे. प्रश्नसंच, गाईड आणि परीक्षेत पानं भरणं यात त्याला ‘तुझं म्हणणं काय, आणि ते कशावरून?’ असं कुणी विचारलेलंच नसतं, मराठीतसुद्धा. प्रबंधात हेच दोन प्रश्न पानोपानी उभे राहतात.

बीडकडच्या एका मुलानं ऊसतोड मजुरांवर लिहिलेला परिच्छेद सांगतो. ‘ड्यू टू ड्रॉट, पीपल मायग्रेट फॉर शुगरकेन कटिंग. इट इज अ बर्निंग प्रॉब्लेम. द गव्हर्नमेंट शुड टेक इमिजिएट स्टेप्स.’ यात व्याकरणाची चूक काढून दाखवा. एकही नाही. तरी हे शोधनिबंधातलं लेखन नाही. मी इंग्रजी बाजूला ठेवून विचारलं, दुष्काळ नसला त्या वर्षी लोक जात नाहीत का? तो म्हणाला, ‘जातेत की सर. पावसाळ्यातच मुकादमाची उचल घेतलेली असती, ती फेडायला जावंच लागतं.’ मग बोलणं सुरू झालं. नवरा-बायको मिळून एक कोयता कसा धरतात, उचल कशासाठी घेतली जाते, गावात मागं कोण राहतं. अर्धा तास फळ्यावर सगळं मराठीतच मांडलं. त्यातून शेवटी एक वाक्य इंग्रजीत उतरलं: ‘रिपीटेड ड्रॉट कॉन्ट्रिब्यूट्स टू सीझनल मायग्रेशन, बट अ‍ॅडव्हान्सेस फ्रॉम लेबर कॉन्ट्रॅक्टर्स अपिअर टू प्ले अ‍ॅन इक्वली इम्पॉर्टंट रोल.’ मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, ‘इक्वली कशावरून?’ कुणाकडेच उत्तर नव्हतं, तो शब्द खोडला. माझ्या मते अख्ख्या सत्रात सगळ्यात जास्त अकॅडमिक इंग्रजी त्या खोडण्यात शिकवून झालं.

दाव्याला वजन किती द्यायचं, ही आपल्या मुलांची खरी अडचण आहे. चाळीस प्रश्नावल्या भरून आणतात आणि निष्कर्षात लिहितात, ‘इट इज प्रूव्ह्ड’. ‘मे’, ‘सजेस्ट’, ‘टेंड टू’ हे शब्द त्यांना माहीत असतात, पण वापरायची भीती वाटते, कारण ठाम लिहिलं की गुण मिळतात आणि ‘कदाचित’ लिहिणाऱ्याचा अभ्यास झालेला नाही, असं परीक्षेनं शिकवलंय. माझ्या वर्गात ‘प्रूव्ह’ला बंदी आहे. गणितवाले सोडून.

प्रस्तावनेसाठी भाषाभ्यासक जॉन स्वेल्स यांनी 1990 मध्ये मांडलेली चौकट अजूनही कामाला येते. शोधनिबंधाची प्रस्तावना साधारण तीन पावलं टाकते. आधी क्षेत्र महत्त्वाचं का ते सांगायचं, मग आधीच्या कामात काय राहून गेलंय ते दाखवायचं, मग ती जागा आपण कशी भरतोय ते. चौकट फळ्यावर लिहून देऊ नका. मुलांच्याच विषयातल्या निबंधाची प्रस्तावना झेरॉक्स करून द्या आणि तीन रंगांच्या पेननी रेघा मारायला सांगा. दुसऱ्या पावलावर सगळे अडखळतात. ‘नो रिसर्च हॅज बीन डन ऑन धिस टॉपिक’ असं बिनधास्त लिहून मोकळे होतात. तिथं थांबवा आणि विचारा, शोधगंगेवर, म्हणजे देशातल्या विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, पाहिलंस का? बहुतेक वेळा त्याच विद्यापीठात त्याच विषयाला जवळचा प्रबंध निघतो. (शोधगंगेवरचे प्रबंध नमुना म्हणून मात्र सरसकट देऊ नका. काही फारच चांगले आहेत, काही वाचून मुलं नको त्या सवयी उचलतात.)

वाचनाबद्दल मुलं सांगतात, ‘वाचायलो सर, पण डोक्यात काहीच शिरंना.’ यात आळस नसतो. अकॅडमिक इंग्रजीत क्रिया नामात कोंबतात. ‘पाण्याची पातळी खाली गेली, म्हणून लोकांनी पीक बदललं’ हे तिथं ‘द डिक्लाइन इन ग्राउंडवॉटर लेव्हल्स लेड टू अ शिफ्ट इन क्रॉपिंग पॅटर्न्स’ असं येतं, आणि त्या डिक्लाइनला अजून दोन ओळींचं शेपूट जोडलेलं असतं. वाचणारा मुख्य क्रियापदापर्यंत पोचेतो कर्ता विसरतो. म्हणून एक परिच्छेद द्या आणि प्रत्येक वाक्यातलं मुख्य क्रियापद तेवढं अधोरेखित करायला लावा, अर्थाची चर्चा नंतर. मग उलटा व्यायाम: नामं फोडून साधी वाक्यं करायची. एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरांना हे लवकर जमतं. ‘कार्यवाही करण्यात यावी’ छापाची शासन निर्णयांची मराठी त्यांनी पचवलेली असते, आणि तिची घडण अशीच आहे.

शब्दसंग्रहासाठी अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 सालची अकॅडमिक वर्ड लिस्ट आहे. 570 शब्दकुळं, म्हणजे एकाच मूळ शब्दाच्या रूपांचे गट. त्यांनी तपासलेल्या अकॅडमिक मजकुरात सुमारे 10 टक्के शब्द यातले निघाले. पण ही यादी इंग्रजीतले सर्वांत जास्त वापरातले सुमारे 2000 शब्द येतातच असं धरून बनवली आहे. आपल्याकडे तो पायाच कच्चा असलेली मुलं असतात. त्यांना यादी पाठ करायला दिलीत तर ‘सिग्निफिकंट’ प्रत्येक ओळीत येईल आणि ‘ऑलदो’नंतर काय लिहायचं ते कळणार नाही.

वर्गात मराठी बोलायला लाजू नका, पण मराठी म्हणजे सगळ्यांची घरची भाषा असंही धरू नका. तुमच्या वर्गात तांड्यावरून आलेली, घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारी मुलं असतील, उर्दू माध्यमाची असतील, देगलूर-धर्माबादकडची घरी तेलुगू बोलणारी असतील. त्यांच्यासाठी इंग्रजी ही तिसरी-चौथी भाषा आहे, आणि माझा अनुभव असा की ही मुलं बऱ्याचदा जास्त धीट असतात. परक्या भाषेत उच्च शिक्षण घेणं या भागाला नवीनही नाही. निजामाच्या राज्यात, 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात, शिकवण्याचं माध्यम उर्दू होतं. आपल्या आजोबांच्या पिढीतली मराठी घरांतली माणसं हैदराबादेत त्या उर्दूतून शिकून आली. हे वर्गात सांगितलं की वातावरण थोडं सैल होतं.

उचलेगिरीबद्दल पहिल्याच आठवड्यात बोला. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, 10 ते 40 टक्के असेल तर प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो, 40 ते 60 मध्ये वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही, आणि 60 च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. मुलांना हे आकडे पाठ असतात, म्हणून सगळं लक्ष शब्द बदलून टक्का खाली आणण्यावर जातं. संदर्भ देऊन अवतरणात घेतलेला मजकूर त्या मोजणीतून वगळतात, हे मात्र बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं. दुसऱ्याचं मत आपल्या वाक्यात घेण्याचा सराव असा द्या: मूळ परिच्छेद वाचायचा, कागद उलटा ठेवायचा, शेजाऱ्याला मराठीत सांगायचं, मग इंग्रजीत लिहायचं, आणि शेवटी मूळ उघडून ताडायचं. एआयचं म्हणाल तर घरून आणलेल्या लेखनावर भरवसा ठेवू नका. तासालाच हातानं लिहून घ्या. तसाही गृहपाठ होत नाही. अर्ध्या वर्गाला शेवटची एसटी गाठायची असते आणि घरी गेल्यावर शेतातली कामं असतात.

ए, अ‍ॅन, द शेवटी घ्या. मराठीत आर्टिकल नाहीत, ती सवय सावकाश लागते, आणि ‘द’ चुकला म्हणून अर्थ सहसा अडत नाही.

राहिला तपासणीचा प्रश्न. तुम्ही तासिका तत्त्वावर असाल तर वह्या घरी नेऊन तपासायचा पगार तुम्हाला कुणी देत नाही. साठ वह्या लाल करत बसू नका. दर वेळी एकच गोष्ट बघायची, आधी जाहीर करून: या आठवड्यात फक्त दावा आणि त्याचा पुरावा, पुढच्या आठवड्यात फक्त संदर्भ. पाच-सहा वह्या निवडा, मुलांची परवानगी घ्या, नावं झाका आणि फळ्यावर सगळ्यांसमोर दुरुस्त करा. बाकीची मुलं आपापल्या वहीत तीच चूक शोधतात. ज्याची सापडत नाही तो हात वर करतो, तेवढ्यांच्याच वह्या तुम्ही बघायच्या.