वाचक विचारतात : बार्सिलोनाची गोदी

प्रश्न : बार्सिलोनाचे सागरी संग्रहालय जुन्या जहाजबांधणीच्या गोदीत आहे. तिथली उंच कमानींची दालने बघून देवळात आल्यासारखे वाटते. कारखान्याला एवढा थाट कशाला?

उत्तर : थाट नाही, तो गॅलीचा, म्हणजे वल्ह्यांनी चालणाऱ्या लांबट लढाऊ जहाजाचा, हिशेब आहे. तिथे ठेवलेल्या गॅलीच्या प्रतिकृतीची लांबी 60 मीटर, रुंदी 6.2 मीटर. म्हणजे रुंदीच्या जवळजवळ दहापट लांबी. अशा जहाजाला लांब, अरुंद आणि समुद्राच्या दिशेने उघडणारे दालन लागते. घुमटी छत घातले असते तर त्याचा दाब पेलायला जाड भिंती लागल्या असत्या. इथे खांबांवर कमानी आणि त्यांवर लाकडी उतरते छप्पर आहे, त्यामुळे एका दालनातून दुसऱ्यात लाकूड आडवे नेता येते.

छप्पर मात्र हवेच. गॅलीचा काठ पाण्यापासून फार उंच नसतो, हिवाळी वादळात ती टिकत नाही. म्हणून कोकणात पावसाळ्याआधी होड्या ओढून शाकारतात, तशा गॅली हिवाळ्यात वर घेत. पाण्यातच ठेवल्या तर लाकूड भिजून जड होते, किडा लागतो. उघड्यावर ठेवल्या तर उन्हाने फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. टेकूही पठाणाखाली, म्हणजे तळाच्या मुख्य लांब वाशाखाली, जागोजागी हवेत. फक्त मधे दिले तर दोन्ही टोके खाली झुकतात. हंगामाआधी सांध्यांत तागासारखे तंतू ठोकून डांबर भरायचे आणि तळाला चरबी चोळायची.

प्रश्न : आपल्याकडे विजयदुर्गजवळ वाघोटनच्या खाडीत मराठ्यांची गोदी आहे. तिथे छप्पर नाही, कमानी नाहीत. का?

उत्तर : कारण भरती-ओहोटी. कोकणात उधाणाला पाणी अडीच-तीन मीटर चढते. भरतीला गलबत आत घ्या, ओहोटीला ते आपोआप टेकते. बार्सिलोनात पाण्याची चढउतार फुटभरही नसते, त्यामुळे जहाज उतरत्या जमिनीवरून, दोर आणि माणसांच्या जोरावर वर ओढावे लागे. दोन गोद्यांतला फरक समुद्राने ठरवला.

प्रश्न : तिथली गॅली खरी आहे का? आणि इमारत नक्की किती जुनी?

उत्तर : गॅली प्रतिकृती आहे, 1971 साली लेपांतोच्या, म्हणजे तुर्की आरमाराविरुद्धच्या सागरी लढाईला 400 वर्षे झाली तेव्हा केलेली. मूळ जहाज 1568 मध्ये याच गोदीत बांधले गेले. 1571 च्या त्या लढाईत ते तुर्कांविरुद्धच्या आरमाराचा सेनापती डॉन हुआन दे ऑस्ट्रिया याचे प्रमुख जहाज होते. वल्ही 59, प्रत्येकावर 4 माणसे, म्हणजे 236 वल्हेकरी. 59 हा विषम आकडा चुकीचा नाही. एका बाजूला एक वल्हे कमी, कारण तिथे चूल असे. एवढ्या सगळ्या माणसांचे जेवण तिच्यावर!

इमारतीबाबत माहितीफलक जरा नीट वाचा. गोदीची सुरुवात तेराव्या शतकातली. चौदाव्या शतकात आरागॉनच्या चौथ्या पेद्रो राजाने ती वाढवली. पण अलीकडच्या उत्खननानुसार आज दिसणारी मोठी दालने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने बांधलेली. 1748 मध्ये स्पेनने गॅलींचे आरमार मोडल्यावर तिथे लष्कर राहिले.

तेव्हा निव्वळ मध्ययुगीन काही बघायचे असेल तर आधी बाहेरचा सांता माद्रोना दरवाजा पाहा. तो चौदाव्या शतकातल्या तटाचा आहे. मेट्रोच्या तिसऱ्या मार्गावर द्रासानेस स्थानकाला उतरा, कोलंबसच्या खांबाकडे चाला. गोदी आणि दरवाजा दोन्ही तिथेच सापडतात.